वायरलेस बॅकअप : टेराबाइटच्या आधी विचारायचे प्रश्न

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घरातल्या राउटरला जोडून किंवा राउटरच्याच पेटीत बसवून वापरायच्या बॅकअप ड्राइव्हविषयी वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान पुरवण्यांत अधूनमधून लिहिले जाते, आणि ते लिहिले जावे असेच मला वाटते. मात्र त्या लेखनात जागा किती टेराबाइट, वायफाय कोणत्या पिढीचे, वेग किती आणि मोबाइल ॲप वापरायला किती सोपे एवढ्याच गोष्टींची तुलना असते. बिघडलेल्या डिस्कमधली माहिती परत मिळवून देणे हा माझा व्यवसाय आहे. माझ्या टेबलावर डिस्क येते तेव्हा या चार गोष्टी कोणीच विचारत नाही. तिथे प्रश्न दोनच उरतात : ठेवलेली प्रत परत हातात येते का, आणि ज्या उपकरणावर ती ठेवली त्याच्या सुरक्षिततेची काळजी उत्पादक किती वर्षे घेणार आहे. हे दोन प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारले जावेत, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वायरलेस बॅकअपच्या सोयीला मी मुळीच कमी लेखत नाही. ॲपलने ऑक्टोबर २००७ मध्ये मॅकसाठी टाइम मशीन ही बॅकअपची व्यवस्था आणली आणि जानेवारी २००८ मध्ये राउटर व हार्ड डिस्क एकाच पेटीत असलेले टाइम कॅप्सूल जाहीर केले, तेव्हा घरगुती बॅकअपमधली सर्वांत मोठी अडचण दूर झाली. ती अडचण म्हणजे माणसाचा कंटाळा. बाहेरची डिस्क कपाटातून काढायची, केबल शोधायची, जोडायची आणि फायली एकेक करून उतरवायच्या, हे काम पहिल्या उत्साहानंतर फार थोड्या घरांत टिकते. आता लॅपटॉप घरातल्या वायफायवर आला की प्रत आपोआप घेतली जाऊ लागली. टाइम मशीन गेल्या चोवीस तासांतली दर तासाची, गेल्या महिन्यातली दर दिवसाची आणि त्याआधीची दर आठवड्याची प्रत डिस्क भरेपर्यंत जपून ठेवते, त्यामुळे महिन्यापूर्वी चुकून बदललेले पानसुद्धा मागे जाऊन काढता येते. आज हेच काम यूएसबी पोर्ट असलेले साधे राउटर, घरगुती नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी) आणि विंडोजमधली फाइल हिस्ट्री ही सोय वेगवेगळ्या रीतीने करतात.

या सोयीची गरजही पूर्वीपेक्षा वाढलेली आहे. फिरत्या चकत्यांच्या जुन्या हार्ड डिस्कमधून पुसलेली फाइल बरेचदा परत काढता येत असे, कारण तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती तिथेच असे. चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीमध्ये पुसलेल्या जागेची सूचना लगेच डिस्कला दिली जाते आणि ती जागा डिस्क स्वतःच मोकळी करून टाकते. शिवाय अनेक नव्या लॅपटॉपमध्ये साठवणुकीच्या चिप मदरबोर्डलाच जोडलेल्या असतात आणि त्यांवरची माहिती एनक्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या संकेतात बदललेली, असते, त्यामुळे बोर्ड जळाला की आमच्यासारख्यांच्या हातात फारसे काही राहत नाही. शेवटी आमच्याकडे नेता येईल, या भरवशावर आता कोणी राहू नये.

पहिला बॅकअप घेताना होणारा घोळ आधी सांगते, कारण अनेकांचा बॅकअप तिथेच अडखळतो. राउटरच्या खोक्यावरचा वेग मेगाबिटमध्ये असतो आणि फायली मेगाबाइटमध्ये मोजल्या जातात. त्या आकड्याला आठने भागले की कागदावरचा वेग कळतो, आणि मधल्या भिंती, शेजाऱ्यांचे वायफाय व राउटरमधल्या छोट्या प्रोसेसरची ताकद धरली की प्रत्यक्षातला वेग त्याच्याही बराच खाली येतो. सेकंदाला २५ मेगाबाइट हा वेग सलग मिळाला तरी ५०० गीगाबाइट माहिती उतरायला साडेपाच तास लागतात. या वेळात कोणीतरी लॅपटॉपचे झाकण मिटते, लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत जाते किंवा वीज जाते. नेटवर्कवरून घेतलेला टाइम मशीनचा बॅकअप हा हजारो लहान तुकड्यांनी बनलेली एक मोठी डिस्क-प्रतिमा, म्हणजे फायलींच्या रूपातली आभासी डिस्क, असतो. लिहिणे मध्येच तुटून ही प्रतिमा बिघडली, तर पुढच्या तपासणीत ती नापास होते आणि सारे पहिल्यापासून सुरू करण्याची विनंती पडद्यावर येते. ती मान्य केली की मागचा सगळा इतिहास जातो. म्हणून पहिली प्रत शक्य तिथे लॅन केबल जोडून घ्यावी आणि पुढच्या छोट्या प्रती वायफायवर सोडाव्यात. केबल लावतानाही राउटरचा पोर्ट गीगाबिटचा आहे ना, हे पाहावे; जुन्या राउटरवरच्या १०० मेगाबिटच्या पोर्टमधून सेकंदाला साडेबारा मेगाबाइटपेक्षा जास्त काही जाऊ शकत नाही आणि तेच ५०० गीगाबाइट अकरा तासांहून अधिक वेळ घेतात.

राउटरला यूएसबी ड्राइव्ह जोडणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. यूएसबी ३.० च्या केबल आणि ड्राइव्हमधून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि त्याच पट्ट्यावरचे वायफाय त्याने क्षीण होते. इंटेलने २०१२ मध्ये हे मोजमापांसह प्रसिद्ध केलेले आहे. ड्राइव्ह जोडल्यापासून घरातले इंटरनेट मंद झाले अशी तक्रार पुष्कळ लोक करतात, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. चांगल्या आवरणाची थोडी लांब केबल घेऊन ड्राइव्ह अँटेनापासून दूर ठेवावा आणि लॅपटॉप ५ गीगाहर्ट्झवर जोडावा. काही राउटरमध्ये पोर्ट यूएसबी २.० च्या वेगावर चालवण्याची सोयही असते. राउटर आणि ड्राइव्ह बंद कपाटात कोंडण्याची सवय मात्र दोघांनाही घातक आहे, कारण डिस्क चोवीस तास तापत राहते.

आता मूळ मुद्दा. काही काळापूर्वी एक निवृत्त शिक्षिका त्यांच्या राउटरला जोडलेला ड्राइव्ह घेऊन आल्या. राउटर बंद पडला होता, ड्राइव्ह चांगला होता, परंतु त्यांचा लॅपटॉप जळाल्यामुळे तो दुसऱ्या लॅपटॉपला लावला की विंडोज एकच विचारत असे : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची आहे का? त्यांनी ‘नको’ म्हटले, हे त्यांचे शहाणपण. “ताई, एवढी वर्षं दिवा हिरवा होता, मग यात काहीच कसं नाही?” असे त्यांनी मला विचारले. त्यात होते. अनेक राउटर आणि नॅस आतून लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात आणि डिस्क ईएक्सटी४ सारख्या पद्धतीने फॉरमॅट करतात. विंडोजला ती पद्धत वाचता येत नाही म्हणून ती डिस्क कोरी समजते. लिनक्स असलेल्या संगणकाला ड्राइव्ह लावल्याबरोबर सगळे फोल्डर समोर आले. दुःखाची गोष्ट पुढची होती. शेवटच्या फोल्डरची तारीख फार जुनी होती. इंटरनेट पुरवणाऱ्याने मध्यंतरी राउटर बदलून दिला, ड्राइव्ह नव्या राउटरला जोडला गेला, त्याचा दिवा लागला, पण नेटवर्कवरचा त्याचा पत्ता आणि नाव बदलले आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर प्रत पाठवू पाहत राहिला. बॅकअप झाला नाही अशी सूचना कोपऱ्यात येत असणार, आणि अशा सूचना आपण सगळेच न वाचता बाजूला सारतो. त्या मधल्या काळातली छायाचित्रे लॅपटॉपच्या जळालेल्या बोर्डाबरोबर गेली.

ड्राइव्हवरचा दिवा डिस्कला वीज मिळते आहे एवढेच सांगतो. बॅकअप चालू आहे की नाही हे कळण्याचा मार्ग एकच : त्यातून काहीतरी परत काढून पाहणे. हे काम अवघड नाही. तीन महिन्यांपूर्वीचा एखादा दस्तऐवज आणि एखादे जुने छायाचित्र निवडावे, बॅकअपमधून ते मूळ जागी न उतरवता वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवावे आणि उघडून पाहावे. नुसते नाव दिसले म्हणून समाधान मानू नये, कारण शून्य बाइटच्या फाइललाही नाव असते. मग शक्य असल्यास तोच ड्राइव्ह राउटर बाजूला ठेवून थेट दुसऱ्या संगणकाला जोडून वाचता येतो का, हे तपासावे. बॅकअप एनक्रिप्ट केलेला असेल तर त्याचा पासवर्ड टंकून पाहावा. हा पासवर्ड फक्त त्याच लॅपटॉपच्या स्मरणात असेल तर लॅपटॉप गेल्या दिवशी बॅकअपही गेला. तो कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असला पाहिजे. राउटर बदलला, लॅपटॉप बदलला किंवा घराच्या वायफायचे नाव बदलले की ही चाचणी पुन्हा करावी.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. सदैव जोडलेला ड्राइव्ह ही वायरलेस बॅकअपची सगळी शक्ती आहे आणि त्याचा सगळा धोकाही तिथेच आहे, कारण लॅपटॉपला ज्या फोल्डरमध्ये लिहिता येते त्यात लॅपटॉपमध्ये शिरलेल्या रॅन्समवेअरलाही (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामलाही) लिहिता येते. मूळ फायली आणि त्यांची एकमेव प्रत एकाच नेटवर्कवर ठेवणे म्हणजे घराची जादा किल्ली त्याच जुडग्यात अडकवून ठेवण्यासारखे आहे. दोन डिस्कवर एकच माहिती एकाच वेळी लिहिणारी नॅस घेतली म्हणजे हा प्रश्न सुटला, असे विक्रेते सांगतात. ते खरे नाही. त्या रचनेने एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, एवढाच लाभ होतो. पुसलेली किंवा कुलूपबंद झालेली फाइल दोन्हीकडे त्याच क्षणी तशीच होते. मोबाइलमधली छायाचित्रे क्लाउडशी सिंक होतात, त्यालाही हेच लागू आहे.

जून २०२१ मध्ये जगभरातल्या अनेक लोकांनी आपला वेस्टर्न डिजिटलचा माय बुक लाइव्ह हा नेटवर्क ड्राइव्ह उघडला तेव्हा तो रिकामा होता. कोणीतरी इंटरनेटवरून त्या ड्राइव्हना फॅक्टरी रीसेटची आज्ञा दिली होती. ती आज्ञा स्वीकारण्यापूर्वी पासवर्ड विचारणारा भाग त्याच्या प्रोग्राममध्ये निष्क्रिय करून ठेवलेला होता, असे नंतर उघड झाले. या मालिकेला शेवटचा फर्मवेअर (यंत्रातला मूळ प्रोग्राम) अपडेट २०१५ मध्ये मिळाला होता. म्हणजे लोकांच्या घरात ती यंत्रे सहा वर्षे विश्वासाने फिरत होती आणि त्यांच्याकडे पाहणारे कोणी नव्हते. ड्राइव्ह इंटरनेटपासून तोडा, हा त्या वेळी कंपनीने दिलेला सल्ला ज्यांचे आधीच गेले होते त्यांच्या काय उपयोगाचा? त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटवरून थेट पोहोचता येणाऱ्या नॅसवरच्या फायली कुलूपबंद करून प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. बाहेरगावी असताना घरच्या ड्राइव्हवरची छायाचित्रे पाहता यावीत म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडून ठेवण्याचा मोह या दोन घटनांनंतर कोणालाही होऊ नये. बाहेरून पोहोचायचेच असेल तर व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खासगी मार्गाने) पोहोचावे आणि राउटरमधली आपोआप पोर्ट उघडणारी यूपीएनपीची सोय बंद ठेवावी.

जुन्या राउटरची एक अडचण तर सुरक्षिततेच्या नेमकी विरुद्ध दिशेला नेते. त्यांतले अनेक राउटर जोडलेला ड्राइव्ह केवळ एसएमबी१ या जुन्या पद्धतीने नेटवर्कवर मांडतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर याच पद्धतीतल्या त्रुटीवरून जगभर पसरले, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धातल्या विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज नव्याने बसवताना ही पद्धत वगळायला सुरुवात केली. साहजिकच नवा लॅपटॉप आणला की जुना ड्राइव्ह दिसेनासा होतो, घरातले कोणी उपाय शोधते आणि मिळालेला उपाय असतो एसएमबी१ पुन्हा चालू करण्याचा. ड्राइव्ह दिसू लागतो, सगळे खूश होतात. असा राउटर बदलावा, किंवा निदान ड्राइव्ह त्याच्यापासून सोडवून थेट संगणकाला जोडावा; बंद केलेला दरवाजा बॅकअपसाठी उघडू नये.

राउटरच्या बाकीच्या काळज्या बहुतेक वाचकांनी कुठे ना कुठे वाचलेल्या असतात : व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा, वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वापरावे, पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्यावे म्हणजे त्यांना ड्राइव्ह दिसत नाही. त्यात एकच भर घालते. डब्ल्यूपीएसची (लांब पासवर्ड न टंकता वायफायला जोडण्याच्या पद्धतीची) पिनने जोडण्याची सोय बंद करावी, कारण तो आठ आकडी पिन राउटर दोन भागांत तपासतो आणि त्यामुळे कोट्यवधींऐवजी अवघ्या ११,००० शक्यता उरतात, हे २०११ च्या डिसेंबरमध्येच सिद्ध झाले आहे.

यंत्र किती वर्षे सांभाळले जाणार, हा प्रश्न अशा घटनांतून येतो. ॲपलने एप्रिल २०१८ मध्ये राउटरचा व्यवसायच थांबवला आणि टाइम कॅप्सूलही त्याबरोबर संपले. हा निर्णय घेण्याचा कंपनीला अधिकार आहे, पण ग्राहकाने डिस्क आणि राउटर एकाच पेटीत घेतलेले असतात, त्यामुळे राउटर जुना होतो तेव्हा निरोगी डिस्कही त्याच्याबरोबर निवृत्त करावी लागते. म्हणूनच दोन्ही वेगवेगळी घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. राउटरला उघडा इंटरनेट झेलायचा असतो, त्याला सतत अपडेट हवेत. डिस्कला फक्त शांतपणे लिहीत राहायचे असते. दोघांची आयुष्ये एकमेकांना बांधण्याचे कारण नाही.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांना सर्वांसाठी एकच, सहज ओळखता येणारा पासवर्ड देण्यास मनाई आहे आणि सुरक्षा अपडेट किमान केव्हापर्यंत मिळतील हे उत्पादकाने जाहीर करावे लागते. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स ॲक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आला. त्यातली मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि उपकरण पाच वर्षांहून कमी काळ वापरायचे नसेल तर किमान पाच वर्षे आधार देणे उत्पादकावर बंधनकारक राहील. ज्या देशांत असा कायदा नाही तिथल्या ग्राहकानेही अपडेट केव्हापर्यंत मिळतील ही तारीख मागावी. जो विक्रेता वेग आणि टेराबाइट तोंडपाठ सांगतो, त्याला ही तारीख सांगता आली नाही तर ती वस्तू घेऊ नये.

वायरलेस ड्राइव्ह घरात असला तरी आणखी एक साधी डिस्क असावी, जी महिन्यातून एकदा जोडायची, प्रत घ्यायची आणि काढून ठेवायची. शक्य असल्यास दुसऱ्या घरी, नातेवाइकाकडे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जातो आणि आजवर त्याहून सुटसुटीत नियम माझ्या पाहण्यात नाही. केबल शोधायचा कंटाळा इथे पुन्हा येतो, हे मला मान्य आहे. पण महिन्यातून एकदा आलेला कंटाळा सोसण्यासारखा आहे, आणि रॅन्समवेअरला न जोडलेल्या डिस्कपर्यंत पोहोचता येत नाही.

आपणांस विनंती अशी की, आपल्या पुरवणीत यापुढे बॅकअप ड्राइव्ह किंवा राउटरची तुलना छापताना त्या तक्त्यात तीन रकाने वाढवावेत : सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, राउटर बंद पडल्यास डिस्क थेट कोणत्या संगणकावर वाचता येईल, आणि १०० गीगाबाइट माहिती परत उतरवायला परीक्षकाला प्रत्यक्ष किती वेळ लागला. पहिल्या रकान्यासमोर उत्पादकाकडून उत्तर आले नाही, तर तिथे तसे छापावे.

आपली,
एक नियमित वाचक